कांडीचा रंग

पाणी आधी पिवळट झालं, मग तांबूस, आणि बघता बघता त्याला थेट गटाराचा रंग आला. शिक्षक-खोलीत "अगं बाई!" असा सामुदायिक सुस्कारा उठला. डॉक्टर सुखटणकरांनी तो ग्लास खिडकीच्या उजेडात धरला.

"हे पाणी," ते म्हणाले, "तुमची मुलं रोज पितात."

ते कशाचे डॉक्टर होते हे त्यांनी सांगितलं नाही आणि आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. टाय बांधून पुण्याहून आलेल्या माणसाला असले प्रश्न विचारायची कासारशिंगीच्या आमच्या शाळेत पद्धत नव्हती. शिवाय त्यांना घेऊन आले होते संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब खटके, आणि अण्णासाहेबांच्या जावयाने पाणी शुद्ध करायच्या यंत्राची एजन्सी नुकतीच घेतली होती. या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघायला फार बुद्धी लागत नव्हती. तेवढीही कोणी वापरली नाही.

डॉक्टरांची एक पेटी होती. पेटीवर लाल दिवा, आणि खाली लोंबणाऱ्या धातूच्या कांड्यांच्या दोन जोड्या. एक जोडी आमच्या नळाच्या पाण्यात, दुसरी त्यांच्या यंत्रातून आलेल्या पाण्यात. बटण दाबलं की आमचं पाणी गढूळ आणि त्यांचं जसंच्या तसं.

"पाण्यात लपलेली घाण हे यंत्र बाहेर काढतं," ते म्हणाले.

"किती भयंकर!" विज्ञानाचे थोरात सर घाम पुसत म्हणाले. थोरात सर रसायनशास्त्राचे पदवीधर. ज्या पुस्तकातून त्यांनी नववीला विद्युत अपघटन, म्हणजे पाण्यातून वीज सोडली की काय होतं ते, शिकवलं होतं, ते त्या क्षणी त्यांच्या काखेत होतं.

मी पुढे होऊन कांड्या बघितल्या. प्रत्येक जोडीत एक पांढुरकी होती, ॲल्युमिनियमची. दुसरी काळसर. आमच्या पाण्यातली काळसर कांडी खालच्या टोकाला चांगलीच खाल्ली गेलेली होती.

"डॉक्टर, ही कांडी कशाची?" मी विचारलं.

"तो सेन्सर आहे, मॅडम."

"लोखंडाची दिसते."

"इम्पोर्टेड आहे," डॉक्टर म्हणाले. यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. परदेशी लोखंडाला गंज चढत नसावा.

मी शाळेच्या तांत्रिक विभागात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवी ते दहावीच्या मुलांना हा विषय होता, पण प्रयोगशाळेतलं कपाट कुलपात आणि कुलपाची किल्ली मुख्याध्यापक गुंजाळ सरांकडे. सामान वापरलं की खराब होतं, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यामुळे माझ्या आधीच्या शिक्षकांनी ट्रान्झिस्टर फळ्यावर काढून शिकवला होता आणि मुलांनी तो पाठ करून परीक्षेत काढला होता. माझ्या मुलांनी मात्र भंगारातले रेडिओ उघडले होते. बोटं भाजून घेतली होती. त्यांनी स्वतः बनवलेला एक एलिमिनेटर होता. घरातल्या विजेची धार कमी करून बॅटरीसारखा करंट देणारा डबा. तो बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेला होता, म्हणून कपाटात ठेवायला सरांनी नकार दिला होता. शाळेची शोभा जाते म्हणाले.

त्याच दुपारी शाळेच्या नळाला कुलूप लागलं.

त्या नळाचं पाणी शाळेच्या बोअरचं होतं, आणि कुंपणापलीकडची वडारवस्ती तिथेच पाणी भरायची. संध्याकाळी बायका हंडे घेऊन आल्या आणि शिपायाने त्यांना परत पाठवलं. "विषारी पाणी हाय, साहेबांनी सांगितलंय," एवढंच तो म्हणाला. मग त्या बायका पार कॅनॉलपर्यंत चालत गेल्या. कॅनॉलमध्ये म्हशी बसत. त्याचं काय करायचं हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा. नववीच्या तासाला मी आत गेले तर वैजयंता विटकर बाकावर उभी राहून सगळ्यांना पेटीचं वर्णन करून सांगत होती. वैजू वडारवस्तीतली. किडकिडीत, केसांना तेल चोपडलेलं, आणि प्रश्न विचारायची तिची खोड अशी की तीन शिक्षकांनी तिला वर्गाबाहेर उभं केलेलं होतं.

"बाई, पाण्यातनं घाण निघती, तर कांडी कशापायी झिजती?" तिने मला बघताच विचारलं.

"तुला कसं कळलं झिजते?"

"खिडकीतनं बघितलं की."

मला फळ्याकडे वळायचीही गरज पडली नाही. मी म्हटलं, "करून बघ की मग. पेटी नाही, पण एलिमिनेटर आहे."

त्या दिवशी वर्गात जे झालं ते मी पुन्हा कुठल्याच वर्गात बघितलं नाही. कोणी खिळे आणले, कोणी वाटी. नळाला कुलूप होतं, पण शिपायाच्या माठात आदल्या दिवशीचं पाणी होतं, ते त्याला न विचारता आणलं. खिळे एलिमिनेटरला जोडून पाण्यात सोडले, आणि थोड्या वेळाने एका खिळ्याभोवती पिवळा धूर उठावा तसा रंग सुटायला लागला. कोणीतरी टॉर्चचा जुना सेल फोडून त्यातली कार्बनची काळी कांडी काढली. दुसऱ्या सेलमधून दुसरी. खिळे काढून या कांड्या माठातल्याच ताज्या पाण्यात लावल्या. नुसते बुडबुडे. पाणी स्वच्छ.

"म्हंजी रंग कांडीचा," वैजू म्हणाली.

"आणि डॉक्टरांच्या पाण्याला रंग का येत नाही?" मी विचारलं.

मग तीच हळूहळू म्हणाली, "त्यातनं करंटच जात नसंल. त्याच्यात काय मीठबीठच नसंल."

मीठ होतं फक्त घरून आणलेल्या एका डब्यात, शेंगदाण्याच्या चटणीशेजारच्या पुडीत. त्यावर वर्गात जी मारामारी झाली ती सोडून देते. डॉक्टरांनी शिक्षक-खोलीत ठेवलेल्या नमुन्याच्या बाटलीतलं पाणी आम्ही थोडं आणलं, मीठ टाकलं, खिळे सोडले. शुद्ध पाण्याला गटाराचा रंग आला. मुलं बाकांवर नाचली. मीही मनातून नाचत होते.

त्या गोंधळात वैजू माझ्याजवळ आली. "बाई, पर पाणी चांगलं असंल तर आमच्या सोनीचं पोट सारखं का बिघडतं?"

सोनी तिची धाकटी बहीण. "उघड्यावरचं काहीतरी खात असेल," मी म्हटलं आणि खिळे पुसायला लागले.

बातमी गुंजाळ सरांपर्यंत पोहोचायला मधली सुट्टीही लागली नाही.

"भोकरे मॅडम," त्यांनी दार लावून घेतलं. गुंजाळ सर दार लावून बोलू लागले की समजायचं, आता ते स्वतःचं मत सांगणार नाहीत. "उद्या पालकसभा आहे. अण्णासाहेब प्रत्येक पालकाला यंत्र घ्यायला सांगणार आहेत. तुम्ही काही बोलू नका."

"सर, ती लबाडी आहे. मुलांनी सिद्ध केलंय."

"मुलांनी?" त्यांना हसू आलं. "मॅडम, तुमच्या विभागाचा प्रस्ताव अण्णासाहेबांच्या टेबलावर आहे. चालू ठेवायचा की बंद करायचा, एका सहीचं काम. तुम्हाला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचंय की पाणी?"

"आणि नळ?"

"नळाचं काय?"

"वस्तीतल्या बायका कॅनॉलवर जातायत."

"त्यांना सवय असते," सर म्हणाले. हे म्हणताना ते स्वतःच्या टेबलावरच्या बाटलीतलं पाणी पीत होते. ते घरून आणलेलं होतं.

रविवारी सभागृह भरलं. सभेला चहा आणि बिस्किटं होती, म्हणजे सभा महत्त्वाची होती. पुढे खुर्च्यांवर गावातले प्रतिष्ठित, मागे सतरंजीवर बाकीचे, आणि अगदी दाराशी वस्तीतल्या बायका. त्या बिस्किटांसाठी आल्या नव्हत्या. नळ कधी उघडणार हे विचारायला आल्या होत्या आणि त्यांना कोणी विचारू देत नव्हतं.

डॉक्टरांनी प्रयोग केला. पाणी काळं झालं. सभागृहाने श्वास रोखला. एका आईने शेजारच्या पोराला छातीशी धरलं. अण्णासाहेब उठून म्हणाले की ही शाळा म्हणजे त्यांचं कुटुंब, आणि कुटुंबाला विष पाजणाऱ्यांतले ते नव्हेत. टाळ्या झाल्या.

मी उठायच्या आत वैजू व्यासपीठावर चढली होती.

"सायेब, तुमच्या चांगल्या पाण्यात हे घालू का?"

"काय आहे ते?"

"मीठ. घरचं."

"खाली बस पोरी," अण्णासाहेब म्हणाले.

"घालू द्या की, मीठच हाय," मागून कोणीतरी ओरडलं. लोकांना तमाशा हवाच होता. डॉक्टरांनी हसून मान हलवली, कारण नाही म्हणणं वाईट दिसलं असतं. वैजूने चिमूट सोडली, ढवळलं, कांड्या बुडवल्या. पेटीवरचा लाल दिवा लख्ख पेटला आणि कंपनीचं पाणी आमच्या पाण्यापेक्षा काळं झालं.

सगळ्या माना त्या ग्लासाकडे वळल्या. मला वाटलं, संपलं. डॉक्टरांचा दौरा संपला, नळाचं कुलूप संपलं. एवढ्या उघड गोष्टीला आणखी काय लागतं?

डॉक्टरांनी तो ग्लास उचलला. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला होता, मग त्यावर पुन्हा टाय बांधल्यासारखं हसू आलं.

"शाब्बास बाळ!" ते म्हणाले. "पाहिलंत? हिच्यामुळे आज एक नवीन गोष्ट कळली. आपण जे मीठ खातो, त्यात किती घाण आहे!"

आणि सभागृह म्हणालं, "अगं बाई!"

मी खोटं सांगत नाही. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तिथल्या तिथे विचारलं, "मग मीठ कुठलं घ्यायचं, डॉक्टर?" थोरात सर मान डोलावत होते.

तेव्हा मी उठले. काय बोलले ते नीट आठवत नाही. बहुतेक बोललेच नाही. बिस्किटाच्या डब्यातला एलिमिनेटर टेबलावर ठेवला. मागच्या माणसांना दिसेल एवढा रंग यायला वेळ लागतो हे मला माहीत होतं, म्हणून दोन ग्लास नळाच्या पाण्याचे एकदम लावले. एकात खिळे, एकात सेलच्या कार्बनच्या कांड्या, वीज एकाच डब्यातून. मग थांबायचं. थांबणं हे आमच्या गावाला जमत नाही. लोक चुळबुळायला लागले. ती वेळ अण्णासाहेबांनी भाषणाने भरून काढली. त्यांचा एवढा उपयोग मला पुन्हा कधी झाला नाही.

भाषण संपलं तेव्हा खिळ्यांचा ग्लास पिवळा-तांबडा झाला होता आणि कार्बनचा ग्लास स्वच्छ होता.

"पाणी तेच," मी म्हटलं. "वीज तीच. कांडी बदलली. हा रंग पाण्यातल्या घाणीचा नाही, कांडीच्या गंजाचा आहे. हे डॉक्टर तुम्हाला लोखंडाचा गंज दाखवून घाबरवतायत."

या वेळी लोक हलले. मागे कुजबुज सुरू झाली. कोणीतरी हसलं, आणि हसू पसरलं. डॉक्टर पेटीची वायर गुंडाळायला लागले. अण्णासाहेबांचे कान लाल झालेले मी बघितले. दाराशी वस्तीतल्या बायका टाचा उंचावून बघत होत्या, आणि त्यांच्यातली एक मोठ्याने म्हणाली, "म्हंजी पाणी चांगलं हाय न्हवं? नळ उघडा मग!"

जिंकलेल्या माणसाला आणखी थोडं जिंकावंसं वाटतं. मी कार्बनचा ग्लास बाजूला केला आणि डॉक्टरांच्या प्रयोगासाठी भरून ठेवलेल्या जगमधून नळाचं पाणी नव्या ग्लासात ओतलं. सगळ्यांना दिसेल असा तो वर धरला. "हे बघा," मी म्हटलं, "मी तुमच्यासमोर पिते."

वैजूने माझं मनगट धरलं.

"नगा बाई."

"काय?"

"नगा पिऊ." ती हळू बोलत होती, पण सभागृह इतकं शांत होतं की पहिल्या काही रांगांना सगळं ऐकू गेलं. "आपण कांडीचं बघितलं. पाण्याचं कुठं बघितलं?"

ग्लास माझ्या हातात तसाच.

"बाई, सोनीचं पोट," ती म्हणाली.

मी ग्लास खाली ठेवला.

दुसरं काही करता येत नव्हतं. ती बरोबर होती. डॉक्टर खोटा आहे हे आम्ही सिद्ध केलं होतं. पाणी चांगलं आहे हे कोणीच सिद्ध केलं नव्हतं, ना त्याने, ना आम्ही. पण हे सभागृहाला कसं सांगायचं? सभागृहाला एकाच वेळी एकच गोष्ट कळते.

डॉक्टरांनी वायर गुंडाळायची थांबवली. "पाहिलंत?" ते सावकाश, गोड आवाजात म्हणाले. "बाई स्वतः पीत नाहीत."

बस. अण्णासाहेबांच्या जावयाने यंत्रांच्या नोंदणीसाठी मांडलेल्या टेबलापुढे रांग लागली. जे आत्ताच हसत होते तेच रांगेत पुढे होते. थोरात सर तिसरे. मी डबा उचलला आणि व्यासपीठावरून उतरले. मला कोणाच्याही तोंडाकडे बघवत नव्हतं. असल्या लोकांना शिकवण्यापेक्षा भिंतींना शिकवावं, असं मनात आलं.

वैजू माझ्या मागे मागे आली.

"तुमच्यावर लोकं हसली," ती म्हणाली. "माझ्यामुळं."

"लोकांचं सोड. पाणी कुठे तपासतात, माहिती आहे का तुला?"

"न्हाई."

"मलाही नाही. उद्या शोधू."

सोमवारी आम्ही दोघी एसटीने तालुक्याला गेलो. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेतल्या माणसाने आमची बरणी बघून कपाळाला हात लावला. "बाई, लोणच्याच्या बरणीत पाणी तपासत नाहीत," तो म्हणाला, आणि उकळून घेतलेली काचेची बाटली दिली. ती घेऊन परत कासारशिंगीला, परत तालुक्याला. नळाच्या कुलपाचं काय केलं ते विचारू नका. माझ्या वर्गाला कुलपं उघडता येत होती, एवढं सांगते.

निकाल आला. पाण्यात मैल्यातले जंतू होते. भरपूर. प्रयोगशाळेतल्या माणसाने विचारलं, बोअरच्या जवळ संडासाची टाकी आहे का? होती. अगदी चिकटून. दोन वर्षांपूर्वी संस्थेने बांधली होती, आणि कंत्राट अण्णासाहेबांच्याच मेव्हण्याचं होतं. टाकीला तळ नव्हता. नुसता खड्डा, वर फरशी, आणि त्या फरशीवर उद्घाटनाचा दगड.

तो दगड बघून मी खूप हसले. एकटीच.

पुढचं थोडक्यात सांगते. निकालाचा कागद मी गुंजाळ सरांना दिला, त्यांनी तो टेबलात ठेवला. म्हणून वैजूच्या आईने आणि वस्तीतल्या बायकांनी त्याची झेरॉक्स घेऊन तहसीलसमोर रिकामे हंडे मांडले. तहसीलदारांची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली होती आणि त्यांना घरी बसून कंटाळा आला असावा, ते लगेच आले. टाकी फोडली. नवी, तळ असलेली टाकी लांब बांधली. बोअरमध्ये औषध टाकलं आणि पाणी पुन्हा तपासलं. स्वच्छ. नळ उघडला. त्या दिवशी अण्णासाहेबांनी नळाला हार घातला, नारळ फोडला, आणि शुद्ध पाण्याच्या चळवळीत आपण सुरुवातीपासून कसे आघाडीवर होतो ते सांगितलं. टाळ्या झाल्या. डॉक्टर सुखटणकरांची यंत्रं घरोघरी टीव्हीशेजारी, भरतकाम केलेल्या कापडाखाली बसली होती. ती विजेवर चालायची, आणि वीज गावात असायचीच कमी. थोरात सरांनी त्यावर फुलदाणी ठेवली होती.

माझ्या विभागावर सही झाली. बंद करायची. मला संस्थेच्या दुसऱ्या शाळेत भूगोल शिकवायला पाठवलं, डोंगराकडच्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षिकेला भूगोल का, असं विचारल्यावर गुंजाळ सर म्हणाले, "त्यातही पाणी असतं."

नारळ फोडला त्या दिवशीच माझं सामान बांधून झालं होतं. कार्यक्रम संपला, मंडळी जेवायला गेली, आणि नळापाशी वस्तीतल्या बायकांची गर्दी झाली. वैजू हंडा भरायला लावून माझ्याकडे आली.

"बाई, तुम्ही माझ्यावर रागावला न्हाई ना?"

"कशाबद्दल?"

"तुम्हाला पिऊ दिलं न्हाई. तुम्ही प्याला असता तर तो डॉक्टर पळून गेला असता. विभाग पन ऱ्हायला असता."

"राहिला असता," मी म्हटलं. खरंच राहिला असता. "मग का धरलास हात?"

तिने नळाकडे बघितलं. हंडा भरत आला होता.

"तुम्ही प्याला असता," ती म्हणाली, "तर आम्ही समद्यांनी पेलं असतं."

आणि हंडा ओसंडायच्या आत ती पळत गेली.